दार लावणारी पाणीवाली

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, तेव्हा ही वही कधी कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर जे लिहिलं ते दुधाचे आकडे आणि किराण्याच्या याद्या. ही वहीसुद्धा दुधाचीच आहे, उलटी धरून मागच्या बाजूनं लिहिते आहे. एका माणसाला मी चारचौघांत खाली मान घालायला लावली. त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही. पुढं कधी वाटायला लागलं तर मी तसं का केलं हे वाचायला जवळ असावं, म्हणून लिहिते.

भूमजवळ आमची खव्याची भट्टी आहे. पूर्वी कढईपुढं उभं राहून हात मोडेस्तोवर दूध हलवावं लागायचं. आता कढई मोटारीवर फिरते. तरी माणूस जवळ लागतंच, जाळ कमीजास्त करायला आणि शेवटी खवा काढायला. त्या बसण्याच्या वेळात काय करायचं म्हणून लेकीनं सोलापूरला शिकायला जाताना तिचा जुना फोन मला दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. म्हणाली, आई, यात बोलावं लागत नाही, तुला जमेल.

लेकीनं मला बरोबर ओळखलं होतं. मी लाजाळू आहे. लग्नकार्यात मी मागं भांड्यांजवळ असते. गिऱ्हाईक आलं तर मालक, म्हणजे आमचे हे, बोलतात, मी वजन करते. चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की माझ्या घशातून आवाज निघत नाही.

तो खेळ मराठीत होता, पुण्यातल्या काही मुलांनी तयार केलेला. आकाशात लांब कुठंतरी एक कोरडा गोळा आहे, तिथं लाल मातीशिवाय काही नाही. खूप खोलवर पाणी आहे आणि त्यावर एकच पंप आहे. तो पंप सांभाळणारी बाई म्हणजे आपण. तिला सगळे पाणीवाली म्हणतात. तिच्या तोंडावर धुळीसाठी मुखवटा असतो, तो ती कधी काढत नाही, आणि अख्ख्या खेळात ती एक शब्द बोलत नाही. जहाजं उतरतात, तहानलेली माणसं येतात, आपण पाणी द्यायचं. विकायची सोयच खेळात नाही.

तिसऱ्या पायरीवर धुळीचं वादळ येतं. नवीन माणूस घाबरून पटकन दार लावतो, आणि दार लावलं की खेळ संपतो, पडदा काळा होतो. कारण बाहेर जी माणसं अडकलेली असतात त्यांना आत घेतलं तरच पंपाचं चाक फिरतं, एकट्या बाईच्यानं ते फिरत नाही. धूळ आत आली तरी दार उघडंच ठेवायचं. हे मला कुणी सांगितलं नाही. मी अकरा वेळा हरले आणि बाराव्यांदा दार उघडं ठेवलं. त्या दिवशी खवा काढताना मी एकटीच हसत होते. मालकांनी विचारलं, काय झालं, मी म्हटलं, काही नाही.

हा खेळ खेळणाऱ्यांचा फोनवर एक गट होता. आपल्या जिल्ह्यातले बरेच होते. उमरग्याच्या दवाखान्यातला एक कंपाउंडर होता, पेशंट नसले की खेळायचा. तेरखेड्याची एक बाई होती, कारखान्यात फटाके वळायचं काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत खेळायची. तिथं तोंड दाखवायचं नसतं, लिहायचं असतं, म्हणून मी तिथं बोलायला लागले. कुणी वादळात अडकलं की मला विचारायचं. ते मला ताई म्हणायचे. भट्टीवरच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

मग एके दिवशी गटात लेखक आले. धाराशिवला राहतात, आधी दोन पुस्तकं छापलेली. त्यांनी सांगितलं की या खेळावर कादंबरी लिहायची परवानगी त्यांना मिळाली आहे, पाणीवालीची पूर्ण कथा येणार आहे, आणि तुम्ही खेळाडूच माझे खरे वाचक. छपाईसाठी आगाऊ पैसे हवे होते, एका प्रतीचे तीनशे रुपये.

लोक कचरत होते. न छापलेल्या पुस्तकाला पैसे कोण देतं? तेरखेड्याच्या बाईनं मला वेगळं विचारलं, “ताई, माझा तीनशे म्हंजी दिवसाचा रोज हाय. तुमी म्हनत असाल तर देते.”

मी म्हटलं, दे. सगळ्यांनाच म्हटलं. माझ्याकडं पाठवा, मी एकत्र करून देते, जबाबदारी माझी. माझ्या शब्दावर अठरा जणांनी पैसे दिले, एकोणिसावी मी. सत्तावन्नशे रुपये मी मालकांच्या फोनवरून लेखकांना पाठवले. मालक म्हणाले, एवढ्या पैशात अर्ध्या महिन्याचं सरपण आलं असतं. त्यांचं खोटं नव्हतं.

पैसे मिळाल्यावर लेखकांनी लिहिलं की वादळाचं प्रकरण कादंबरीचं काळीज असणार आहे, ज्यांना सांगता येईल त्यांनी आपला अनुभव कळवावा. मी चार पानं लिहिली. शाळेनंतर एवढं सलग कधी लिहिलं नव्हतं. तीन दिवस लागले. दार का उघडं ठेवायचं, धूळ आत येते तेव्हा छाती कशी धडधडते, पहिला माणूस आत येऊन चाकाला हात लावतो तेव्हा कसं वाटतं, सगळं लिहिलं. पानांचे फोटो काढून पाठवले. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं, “अप्रतिम, ताई. नक्की वापरतो.” चार पानं माझ्या अक्षरात पाच मिनिटांत वाचून होत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी तो निरोप किती वेळा उघडून बघितला ते लिहीत नाही.

पुस्तकं आली. मुखपृष्ठावर पाणीवाली होती आणि तिला मुखवटाच नव्हता. गोरीपान, मोकळे केस, ओठ रंगवलेले. कंपाउंडरनं दुसऱ्याच दिवशी लिहिलं, “ताई, चाळीस पानं झाली, अजून पंपच आला नाही. नुसता हिरो जहाजात बसून मुलीला आठवतोय.” मी सगळ्यांना सांगितलं, धीर धरा, मी वाचते आहे, वादळ येऊ द्या. मी हळू वाचते, कढई फिरत असताना दहा-बारा पानं होतात. रोज कुणीतरी विचारायचं, ताई, कुठवर आलात? मी म्हणायची, अजून आलं नाही.

एकशे बाराव्या पानावर वादळ आलं. पाणीवालीनं धावत जाऊन दार लावलं. मग आत असलेल्या माणसांना दुप्पट भावानं मापून पाणी विकलं. मग हिरो दार फोडून आत आला, तिला ढकललं आणि एकट्यानं चाक फिरवलं. ती कोपऱ्यात बसून रडली आणि त्याची माफी मागायला लागली. बोलली ती. अख्खं पान बोलली.

मला करपल्याचा वास आला तेव्हा मोटार बंद पडली होती आणि खवा कढईला लागला होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही घाणा करपला नव्हता. मालक ओरडले नाहीत, उलथनं घेऊन कढई खरवडायला लागले. मी जाळ ओढला आणि ते पान पुन्हा वाचलं.

त्या माणसानं खेळ तिसऱ्या पायरीपर्यंत खेळलाच नव्हता. माझी चार पानंही वाचली नव्हती. शेवटी आभार मानले होते, पुण्याच्या लोकांचे, छापणाऱ्यांचे, घरच्यांचे, आणि खाली, “खेड्यापाड्यांतील माझ्या भोळ्या वाचकांचे.”

गटात जो तो बोलत होता. कुणी मला उघड काही म्हणालं नाही, तेच जास्त लागलं. तेरखेड्याच्या बाईनं आवाजात निरोप पाठवला, “ताई, म्या कामावरच्या बायकांना सांगितलं हुतं, आपल्या पानीवालीवर बुक येनार. त्यांनी वाचून घेतलं माझ्याकडून. आता मला म्हनत्यात, तुझी पानीवाली चोर निगाली गं.” मी तिचे तीनशे त्याच दिवशी माझ्याजवळून पाठवले. ती नको म्हणत होती. बाकीच्या सतरा जणांचे माझ्याकडं नव्हते. त्यांनी मागितलेही नाहीत. पण त्यानंतर आठ दिवस मला गटात कुणी काही विचारलं नाही. वादळात अडकलेला एक नवीन मुलगा दुसऱ्यालाच विचारत होता. माझा शब्द गेला होता. दुसरं काही माझ्याकडं नव्हतंच.

मी लेखकांना लिहिलं की दाराचं चुकलं आहे, लोक नाराज आहेत, पैसे परत करावेत. त्यांनी लिहिलं, “ताई, कादंबरी म्हणजे खेळ नव्हे. लेखकाला स्वातंत्र्य असतं. तुमचं शिक्षण किती झालं आहे?” थोड्या वेळानं आणखी आलं, “आणि पुस्तक तुम्ही वाचून संपवलंत. वाचलेलं पुस्तक कोणी परत घेतं का?”

शिक्षणाचं मी सोडलं असतं. पण या दुसऱ्या बोलण्यावरून मला आमचा उतारा आठवला.

आमच्या धंद्यात दुधावर शंका आली की उतारा काढतात. दूधवाल्याला समोर बसवायचं, त्याच्याच कॅनमधलं एक लिटर दूध त्याच्यासमोर आटवायचं. तोवर कुणी काही बोलत नाही, चहासुद्धा देत नाहीत. मग जेवढा खवा झाला तो काट्यावर ठेवायचा. कमी भरला तर त्या दिवसाच्या दुधाचे पैसे नाहीत. आटवलेलं लिटर गेलं म्हणून दूधवाला कधी भांडत नाही, कारण आटवल्याशिवाय दूध कसं आहे ते कळणार कसं? आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत व्हावं लागतं. मागं बोललेलं आमच्यात धरत नाहीत.

म्हणजे त्यांना समोर आणायला हवं होतं. मी कंपाउंडरला विचारलं, त्याचं लिहिणं चांगलं आहे. दोघांनी मिळून निमंत्रण तयार केलं. भूम परिसरातील वाचकांतर्फे लेखकांचा जाहीर सत्कार. ठिकाण आमची भट्टी, बाजाराचा दिवस. “लेखकांच्या हस्ते खेळातील वादळ पार करून कार्यक्रमाचे उद्घाटन.” दिवा लावण्याऐवजी खेळ. हे वाक्य माझं होतं.

कंपाउंडर म्हणाला, “ताई, तुम्हाला आम्ही गरीब समजत होतो.”

मी म्हटलं, “गरीबच हाय मी.”

लेखकांनी एका तासात होकार कळवला आणि येण्याजाण्याचं भाडं मिळेल का विचारलं. मी लिहिलं, त्या दिवशी सगळा हिशोब करू.

मालकांना मी एवढंच सांगितलं की पाहुणे येणार आहेत. त्यांनी शेडमध्ये पाणी मारलं, सतरंजी टाकली, खुर्ची मांडली. उमरगा, तेरखेडा, कळंब, कुठून कुठून लोक एसटीनं आले. चौदा-पंधरा जण. मी बहुतेकांना पहिल्यांदा बघत होते. तेरखेड्याची बाई माझ्याहून ठेंगणी निघाली, बोटं फटाक्याच्या दारूनं काळी पडलेली. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. सगळ्यांनी आपापली प्रत आणली होती, ज्यांना यायला जमलं नाही त्यांनी कुणाच्या तरी हाती पाठवली होती. टेबलावर एकोणीस प्रतींची चळत झाली.

लेखक आले, पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. चळत बघून त्यांना वाटलं सह्या हव्या आहेत. त्यांनी खिशातून पेन काढलं, खुर्चीत बसले आणि पहिल्या प्रतीवर सही केली. शुभेच्छाही लिहिल्या. कंपाउंडर त्यांना थांबवायला पुढं जात होता, मी त्याची बाही ओढली. त्यांना तीन प्रतींवर सह्या करू दिल्या. ते मला बघायचं होतं.

मग मी फोन त्यांच्यापुढं ठेवला. वादळ सुरू होईल इथवर खेळ आणून ठेवला होता. कंपाउंडर समोर स्वतःचा फोन धरून उभा राहिला, सत्काराचं चित्रण म्हणून. लेखक हसले, म्हणाले, अरे वा, नवीन प्रथा आहे. धूळ आली. त्यांनी दार लावलं. पडदा काळा झाला.

ते म्हणाले, हात चुकला. मी पुन्हा लावून दिलं. त्यांनी पुन्हा दार लावलं. या वेळी जरा आधीच लावलं. ते म्हणाले फोन जुना आहे. कंपाउंडरनं कुणाचा तरी नवा फोन पुढं केला. तिसऱ्यांदा दाराच्या खुणेवर बोट नेताना ते थांबले आणि आमच्याकडं बघितलं. कुणी हसत नव्हतं. उताऱ्याच्या वेळी असतं तसं सगळं गप्प होतं. त्यांनी दार लावलं.

तेरखेड्याची बाई म्हणाली, “दार लावलं की खेळ संपतोय साहेब. आमच्या वळनाऱ्या बायांना बी ठाव हाय.”

लेखक म्हणाले, “हे बघा, मी कल्पनेनं लिहितो. माझा सत्कार आहे की चौकशी?”

मालकांना आता कळलं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “घरी आलेल्या मान्साला असं करत्यात व्हय?” एरवी मी तिथंच थांबले असते. पंधरा माणसं माझ्याकडं बघत होती.

मी पदर तोंडाशी धरून बोलले. आवाज लहान निघाला पण निघाला. “साहेब, तुमी म्हनला वाचलेलं बुक कोन परत घेतंय. आमी दूध आटवून बघतो. आटवलेलं दूध परत दूध हुत न्हाय, तरी बी उतारा कमी आला तर दूधवाला पैसे मागत न्हाय. आमी तुमचं बुक शेवटपर्यंत आटवलं. तुमच्याम्होरं काट्यावर ठिवलंय. एकोनीस हायेत, मोजून घ्या.”

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाले, “ती चार पानं तुमची का?”

“व्हय. वाचली का?”

त्यांनी मान खाली घातली. तेवढं मला पुरलं असतं असं आता कुणी म्हणेल. मला पुरलं नाही. मी म्हटलं, पैसे.

त्यांच्या खिशात पंधराशे निघाले. मी मोजून घेतले, पाच प्रती चळतीवरून काढून त्यांच्या पिशवीत घातल्या, सही केलेल्या तिन्ही त्यातच दिल्या. बाकीचे देतो म्हणाले. आणि जाताना कंपाउंडरला म्हणाले, ते चित्रण कुठं पाठवू नका, पुढच्या महिन्यात माझा धाराशिवला कार्यक्रम आहे. कंपाउंडरनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, पैसे फिटेपर्यंत पाठवत नाही. फिटले नाहीत तर काय, ते मी बोलले नाही. त्यांना चहा दिला नाही. मालक दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी सकाळी मी लेखकांना एक फोटो पाठवायचे. खेळातल्या उघड्या दाराचा. खाली काही लिहायचे नाही. पहिल्या आठवड्यात नऊशे आले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रकृतीचं कारण सांगितलं, मी संध्याकाळी पुन्हा तोच फोटो पाठवला, बाराशे आले. मग दोन आठवडे काहीच नाही. मग सहाशे, सोबत लांब निरोप, की एका स्त्रीमध्ये इतकी कठोरता शोभत नाही. मी तो निरोप सावकाश पूर्ण वाचला, माझी चार पानं वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ लावला, आणि दाराचा फोटो पाठवला. जेवढे पैसे येत तेवढ्या प्रती मी एसटीनं लेखकांकडं परत पाठवायचे, आणि आलेले पैसे त्याच दिवशी एकेकाला पोचवत होते, पहिल्यांदा रोजानं काम करणाऱ्यांना, मग पगारवाल्यांना. पैसे पोचले की ते गटात लिहायचे. कंपाउंडरनं त्याचे मिळाले तेव्हा लिहिलं, “ताईकडून मिळाले.” लेखकांकडून असं त्यानं लिहिलं नाही.

पाचवा हप्ता द्यायला ते स्वतः आले. कार्यक्रम चार दिवसांवर होता. सकाळची वेळ, कढई फिरत होती, मालक दूध आणायला गेले होते. पिशवी न टेकवता उभ्यानंच त्यांनी पाकीट पुढं केलं. मी हात पुसले आणि मोजले. पाचशेच्या तीन. मी उरलेल्या पाच प्रती दिल्या, त्यांनी त्या घेतल्या आणि विचारलं, आता झालं ना समाधान. मी वही काढली, एकोणीस नावांपुढं खुणा होत्या का बघितलं. चौदा होत्या. त्यांच्यासमोरच कंपाउंडरला फोन लावून चित्रण पुसायला सांगितलं, कारण तसं ठरलं होतं. मग दुपारपर्यंत तिघांचे तीन-तीनशे पाठवले. राहिलेल्या सहाशेतले तीनशे मी तेरखेड्याच्या बाईसाठी माझ्याजवळून भरले होते ते, आणि तीनशे माझ्या स्वतःच्या प्रतीचे. ते डब्यात ठेवले. वहीत एकोणिसावी खूण केली आणि गटात लिहिलं, सत्तावन्नशे पूर्ण मिळाले, आता कुणाचं काही राहिलं नाही.